सामाजी हसाजींचं नाव



मुंबईत मांडवीला १७९६ साली बेने इस्राएल ज्यूंचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. ते बांधणाऱ्याचं नाव इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर असं दिसतं. स्वतःच्या माणसांत मात्र ते सामाजी हसाजी. आणि मूळ हिब्रू उच्चार? शमूएल आणि येहेझ्केल. येहेझ्केल म्हणजे देव बळ देवो.

शमूएलमधला 'श' हरवला तो ग्रीकमध्ये. त्या लिपीत 'श'साठी अक्षरच नाही. बायबल ग्रीकमध्ये गेलं तेव्हा मोशे, श्लोमो, शिमशोन या सगळ्यांचाच 'श' गेला आणि पुढे इंग्रजीत मोझेस, सॉलोमन, सॅमसन झाले. देवनागरीला ही अडचण नाही. मराठी बायबलात मोशे, शलमोन, शमशोन अशीच नावं आहेत. म्हणून माझा आग्रह आहे, की हिब्रू नाव मराठीत लिहिताना इंग्रजीच्या दारातून जाऊ नये.

हिब्रूत अक्षरं २२, सगळी व्यंजनं, लिहायची उजवीकडून डावीकडे. स्वर दाखवायला ठिपके-रेघा आहेत, पण रोजच्या वर्तमानपत्रात त्या नसतात. दिवेकरांच्या सिनेगॉगचं नाव 'शाअर हारहामीम', म्हणजे दयेचं द्वार. 'शाअर'ची अक्षरं तीन : शिन, आयिन, रेश. हीच तीन अक्षरं 'सेआर' अशीही वाचता येतात, आणि मग अर्थ होतो केस! शिनच्या माथ्यावर ठिपका उजवीकडे असेल तर 'श', डावीकडे असेल तर 'स'. ठिपका नसेल तर वाचणारा वाक्यावरून ठरवतो.

'रहामीम' मला फार सुंदर वाटतो. दया या अर्थाच्या या शब्दाची मूळ अक्षरं रेश, हेत, मेम. त्याच अक्षरांतून 'रेहेम' होतो : आईचं गर्भाशय.

आता 'हारहामीम'मध्ये दोन 'ह' आहेत. पहिला 'हे' या अक्षराचा, नुसता नामाआधी लागणारा. दुसरा 'हेत'चा, घशातून येणारा, मूळ शब्दातला. मराठीत दोन्ही एकसारखे दिसतात आणि मूळ शब्द कुठे सुरू होतो ते कळत नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यापुढे आहे. अभ्यासाच्या पुस्तकांत तरी हेतच्या 'ह'खाली नुक्ता, म्हणजे ठिपका द्यावा, असं मला मनापासून वाटतं.