जबड्याचं ऑपरेशन झालं, आता तोंडातल्या जखमा जपू



गाडीवरून पडून जबडा मोडला की बरेचदा ऑपरेशन करावं लागतं. पेशंट घरी आला की सगळे विचारतात, "हाड जुळलं ना?" पण पहिले आठ-दहा दिवस ओठ, गाल आणि हिरड्याच जास्त छळतात. ती काळजी आपल्याच हातात असते. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून डॉक्टर बरेचदा तोंडाच्या आतून छेद घेतात. त्यासाठी ओठ, गाल ओढून धरावे लागतात. त्यामुळे ओठाचे कोपरे फाटतात, सूज येते. ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरू लागते. तेव्हा घाबरायचं नाही.

ओठांना व्हॅसलीन लावत राहा. डॉक्टरांनी सांगितलं की कोमट पाण्यात मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर हळू चूळ भरायला द्या. जोरात थुंकायचं नाही. तार गालाला टोचत असेल तर ती आपण वाकवायची नाही. दवाखान्यातून मेण मिळतं, ते टोकावर बसवायचं. ओठ बधिर असेल तर पेज, वरण आधी आपल्या हातावर टेकवून बघा, नाहीतर चटका बसलेला कळणारही नाही.

आता आपल्या बायकांची गोष्ट. दुखतं म्हणून कुणी मशेरी लावते, कुणी तंबाखू धरते. त्याने जखम भरत नाही, टाके उसवतात, पू होतो. जखमेवर हळद, चुना काही भरू नका. आणि घरातल्या बाईचंच ऑपरेशन झालं असेल, तर तिच्या पेजेची, दुधाची, डाळीच्या पाण्याची वेळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळा. सगळ्यांचं झाल्यावर ती उपाशीच राहते, आणि पोटात अन्न नसेल तर जखम भरायची कशी?

दात बांधलेले असताना उलटी आली, तर पेशंटला पुढे वाकवा, उलटी बाहेर येऊ द्या. तार किंवा रबर कधी आणि कसं कापायचं, हे सुट्टी मिळतानाच डॉक्टरांकडून शिकून घ्या, आणि ते साधन उशाशी ठेवा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. थांबलं नाही, ताप आला, पू आला, तीन दिवसांनंतरही सूज वाढतच राहिली, तर लगेच दवाखाना गाठा. श्वास घ्यायला किंवा गिळायला अडचण आली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

मैत्रिणींनो, हे पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.