शाळेच्या समितीत बाईची सही आणि बाईचं म्हणणं

(शाळा व्यवस्थापन समित्यांच्या महिला सदस्या व संघटनेच्या कार्यकर्त्या यांच्या तालुका मेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून आपण इथे बसलोय आणि आतापर्यंत माईकवर साहेब लोकच बोलले. तालुक्यातल्या सगळ्या शाळा व्यवस्थापन समित्यांचा आढावा घ्यायचा आहे, त्यासाठी प्रत्येक शाळेकडे एक छापील तक्ता गेला आहे, असं त्यांनी सांगितलं. तो तक्ता मी काल रात्री वाचून काढला. त्यात एक रकाना आहे ‘एकूण सदस्य’. त्याच्या शेजारी ‘पैकी महिला’. त्याच्या शेजारी ‘टक्केवारी’. बायकांबद्दलचा आढावा तिथेच संपतो. मला बोलायचं आहे ते तक्त्यात जे विचारलेलंच नाही त्याबद्दल.

आधी कायदा काय म्हणतो ते ऐकून ठेवा, कारण पुष्कळजणींना तो कुणी सांगितलेलाच नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमात ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधलाच असतो, मुख्याध्यापक सचिव असतात, पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे असतात आणि बैठक दर महिन्याला घ्यायची असते. सचिव सोडून बारा जणांची समिती धरली तर नऊ पालक. उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायतीचा, एक शिक्षक आणि एक गावातला शिक्षणाची जाण असलेला माणूस. या बारांत सहा बायका. अनुदानित शाळांच्या समित्यांना २०१२ च्या दुरुस्तीने फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं आणि विनाअनुदानित खाजगी शाळांना तर समितीचं बंधनच नाही. म्हणजे खरा अधिकार उरला तो आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत. गरिबाची पोरं जिथे शिकतात तिथे.

आणि एक गोष्ट या कायद्यात फार मोलाची आहे. सदस्य व्हायला शिक्षणाची अट नाही. हरियाणात २०१५ साली पंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ज्यांना शाळेत घातलंच नाही त्या बायकांना पुन्हा त्याच कारणासाठी पंचायतीबाहेर ठेवलं. आपल्या समितीत तसं नाही. अंगठा उठवणारी आईसुद्धा अध्यक्ष होऊ शकते. तेव्हा ‘तुला काय कळतं’ असं कुणी म्हटलं, तर कायद्याला हा प्रश्न पडलेला नाही एवढं त्याला सांगा.

आता कागदावर सहा बायका आहेत. सगळ्या तालुक्यात आहेत. तरी बैठकीत किती असतात? मी एका गावात गेले होते. गुरुजींनी मोठ्या अभिमानाने इतिवृत्ताचं रजिस्टर दाखवलं. बारा महिन्यांच्या बारा बैठका, प्रत्येकीखाली सहाही बायकांच्या सह्या. संध्याकाळी त्यातल्या एकीच्या घरी चहाला बसले. ती म्हणाली, ‘बैठकीचं मला काय ठाव नाही ताई, पोरगं वही घेऊन येतं, मी सही करून देते.’ तिला वाटत होतं ती सही पोषण आहाराच्या तांदळासाठी आहे. तिचा मुलगाच वही न्यायचा. चौथीतला.

याला मी गुरुजींची लबाडी म्हणून सोडून देणार नाही. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात सतरा माहित्या भरायच्या. ते कागद पूर्ण करण्याचा सोपा मार्ग शोधतात. पण सोपा मार्ग नेहमी बाईच्या सहीवरूनच का जातो? बापे सदस्यांची सही घ्यायला पोरगं पाठवत नाहीत. त्यांना पारावर बोलावून, चहा पाजून, दोन शब्द बोलून सही घेतात. तेवढ्यात निर्णयही होतो.

बैठक किती वाजता असते ते विचारा. सकाळी अकरा. खुरपणीला गेलेली बाई अकरा वाजता कशी येणार? आली तर दिवसाचा रोज बुडतो, आणि या कामाला मानधन नाही. मग येतात कोण? ज्यांच्या घरी शेतात जायला दुसरं माणूस आहे त्या. म्हणजे सहा बायकांत आपोआप एका थरातल्या बायका वर येतात, आणि आपण म्हणतो, बघा, निम्म्या बायका झाल्या. महिला या शब्दाखाली जात झाकली जाते हे आपण चळवळीत कितीदा बोललो आहोत. तक्त्यात महिला आणि मागासवर्गीय हे वेगवेगळे रकाने आहेत. मागासवर्गीय रकान्यात पुरुष बसवला, महिला रकान्यात सवर्ण बाई बसवली, दोन्ही रकाने भरले. पारधी वस्तीवरची आई कुठल्याच रकान्यात सापडत नाही, आणि सर्वात जास्त गळती तर तिच्याच पोरांची.

ऊसतोडीच्या गावांत तर आणखी वेगळं. दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर जातं ते उन्हाळा तोंडावर आल्यावर परततं. पोरं आजीजवळ राहतात किंवा कोयत्याबरोबर जातात. समितीतली आई अर्धं वर्ष गावातच नाही. तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहून तिला कमी करायचं की मागे राहिलेल्या आजीला पालक म्हणून बसवायचं? कायद्यात आईबापांबरोबर पालनकर्त्याचाही उल्लेख आहे. आजीला बसवता येतं. मी विचारलं तर एका अधिकाऱ्याने सांगितलं, तसा प्रस्ताव कधी आलाच नाही. बरोबर आहे, प्रस्ताव लिहिणारी तर फडात होती.

पालक या शब्दावर जरा थांबते. आपल्या परित्यक्ता बहिणींना हा शब्द माहीत आहे तो शाळेच्या दारातल्या अपमानातून. पालकसभेची चिठ्ठी निघते ती बापाच्या नावाने. बाप दुसरं घर करून बसलाय, पोरगी आईकडे आहे, आणि चिठ्ठी कुणाच्या नावाने? कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे बाप किंवा आई. आई स्वतःच्या हक्काने पालक आहे, बापाच्या गैरहजेरीत बदली म्हणून नव्हे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदावर आईचं नाव लावणं राज्य सरकारने सक्तीचं केलं. ती मुलं शाळेत येतील तेव्हा येतील. आज शाळेत असलेल्या मुलांच्या आयांना चिठ्ठी आजच त्यांच्या नावाने मिळाली पाहिजे. त्याला पैसा लागत नाही, नवा जीआर लागत नाही.

ही लढाई नवी आहे असं समजू नका. १८८२ साली हंटर आयोग आला तेव्हा पंडिता रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली. मुलींच्या शाळा तपासायला बायका निरीक्षक नेमा, असं त्यांनी मागितलं होतं. जोतीराव फुल्यांनीही त्याच आयोगापुढे निवेदन दिलं आणि शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या जातींचं शिक्षण चालतं हे सुनावलं. दोघांचा प्रश्न एकच होता: शाळेवर नजर कुणाची?

इंग्लंडातली गोष्टही सांगते, कारण ती आपल्या कामाची आहे. तिथे १८७० च्या कायद्याने स्कूल बोर्ड निघाले. बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं, पण बोर्डावर निवडून येता येत होतं. त्याच वर्षी लंडनच्या बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. पुढे तीस वर्षं बायका बोर्डांवर काम करत होत्या. १९०२ च्या कायद्याने बोर्डच मोडले आणि शाळा मोठ्या कौन्सिलांकडे दिल्या. त्या कौन्सिलांवर बायकांना तेव्हा निवडून येता येत नव्हतं. त्यांना शिक्षण समितीत नेमून घ्यायची सोय ठेवली, पण निवडून येण्याचा हक्क १९०७ पर्यंत गेला तो गेलाच. म्हणजे बायकांना कुणी ‘तुम्ही बाहेर जा’ म्हटलं नाही. त्या ज्या खोलीत बसल्या होत्या ती खोलीच पाडली.

आपल्याकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा सुरू झाली तेव्हा मला ही गोष्ट आठवली. पोरांना गाडीने नेऊ, असं सांगतात. समितीतल्या आईला कोण नेणार? वस्तीवरची शाळा गेली की वस्तीवरची समितीही गेली. चार-सहा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत बारा जणांत वस्तीची एक बाई बसली तरी पुष्कळ.

आता कुणी म्हणेल, एवढं करून बायका समितीत आल्या तर फरक काय पडतो? एक साधं उदाहरण देते. एका शाळेच्या कागदावर मुलींचं स्वच्छतागृह होतं. सर्व शाळांत स्वच्छतागृह पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावलेलंच आहे. दरवर्षी ‘आहे’ असं भरून जायचं, आणि ते खोटं नव्हतं. समितीत नव्याने आलेल्या एका बाईने विचारलं, किल्ली कुणाकडे असते? किल्ली ऑफिसात खिळ्याला. सातवीतल्या पोरीने गुरुजींसमोर जाऊन किल्ली मागायची. पोरी मागत नव्हत्या. दिवसभर पाणी पीत नव्हत्या, आणि महिन्यातले चार दिवस घरीच राहत होत्या. हजेरीपट कितीतरी साहेबांनी तपासला असेल. तो आणि ती किल्ली यांचा संबंध फक्त त्या बाईला लागला. ठराव झाला, किल्ली मुलींच्या वर्गात आली. आता पाण्याची टाकी शाळा विकास आराखड्यात घातली आहे. हा आराखडा समितीने करायचा असतो आणि अनुदान त्याच्या आधारे ठरावं असं २२वं कलम म्हणतं. बऱ्याच ठिकाणी तो शेजारच्या शाळेचा उतरवून काढतात, नाव तेवढं बदलतात. एका आराखड्यात तर नाव बदलायचंही राहिलं होतं.

सुरक्षेचं बोलले नाही तर हे भाषण अपुरं राहील. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या मुलींवर शाळेत अत्याचार झाले तेव्हा आपण सगळ्या हादरलो. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ मध्ये, राज्य सरकारने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं होतं. तुमच्या शाळेत ती आहे का? भिंतीवरच्या फलकावर नावं असतील. त्यातल्या एकीला तरी आपलं नाव तिथे आहे हे ठाऊक आहे का ते विचारा. मुलगी घाबरून गप्प झाली की ती आधी आईला सांगते, कधी आईलाही नाही, मावशीला सांगते, पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला सांगते. त्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला समितीत कुणी विचारतं का?

तक्ता भरायला अजून आठ दिवस आहेत. मुख्याध्यापक भरून पाठवतील आणि समितीपुढे ठेवल्याचं लिहितील. तुम्ही बैठक मागून घ्या, संध्याकाळी सातनंतरची. इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा म्हणा, आणि जे ऐकलं नाही त्याखाली सही करू नका. सही नाकारायला एकटीला भीती वाटते, म्हणून दोघी-तिघी मिळून जा. संघटनेची एखादी कार्यकर्ती बरोबर असली तर बरंच. अध्यक्षपदावर गेल्या तीन वेळा कोण होतं ते विचारा. मागच्या वर्षी बायकांनी सुचवलेले ठराव किती, ते मोजा. कुठल्या वस्तीवरून एकही सदस्य नाही, ते लिहा.

यासाठी रकाना नाही असं उत्तर येईल. मी तक्ता उलटून पाहिला आहे. मागची बाजू कोरी आहे. जेवणानंतर आपण गावागावाच्या गटात बसणार आहोत, प्रत्येक गटात लिहिता येणारी एक मैत्रीण दिलेली आहे. तुम्ही सांगा, ती मागच्या बाजूला लिहील.