नव्या गावात नवा धंदा



मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर आपले सुतारदादा मागे थांबले. म्हणाले, "गुरुजी, बैलगाड्या गेल्या, लाकडी नांगर गेले. हाताला काम राहिलं नाही. मेहुणा म्हणतो, पुण्याला ये. पण माझी चाळिशी आली. या वयात नव्या गावात नवा धंदा जमेल का? लोक हसतील ना?"

हा प्रश्न एकट्या सुतारदादांचा नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात तो आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर बोलतो. एका माणसाची खरी हकिगत सांगतो.

लोखंडी नांगर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आपल्याकडे करून विकणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना चित्रं काढायचा नाद. चित्रकार व्हायचं म्हणून ते १८८५ साली मुंबईला गेले. चित्रकलेच्या शाळेत शिकू लागले. पण पुढे कळलं, की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंगच कळेना, तर चित्रकार कसं व्हायचं?

दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. लक्ष्मणरावांनी काय केलं? रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला शिकले. त्याला रंग लागत नाही, माप लागतं. त्याच विद्येवर त्यांना मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली.

नोकरी करता करताच त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्या काळी सायकल म्हणजे मोठं नवल. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला भावाकडे, रामुअण्णांकडे, पाठवत. रामुअण्णा त्या विकत. असं १८८८ साली बेळगावात दुकान उभं राहिलं. पुढे नोकरीत त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पण बघा, रागाच्या भरात आले तरी रिकाम्या हातानं आले नाहीत. दुकान आधीच उभं होतं. एक पाय घट्ट रोवला होता, मगच दुसरा उचलला.

बेळगावात त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर केला. आता गंमत ऐका. शेतकरी नांगर घेईनात! म्हणत, लोखंडानं जमिनीला विष चढतं. नांगर नुसते पडून राहिले. लक्ष्मणराव लोकांवर रागावले नाहीत. काय अडतं, ते शेतकऱ्यांना विचारलं आणि नांगरात सुधारणा केली. हळूहळू नांगर खपू लागले.

घडी बसते न बसते तोच कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. ती जागा नगरपालिकेला हवी होती. पुन्हा बिऱ्हाड उचललं! औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. कसली जमीन? दगडधोंडे, निवडुंग आणि साप. तिथं १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. सुतारदादा, तेव्हा लक्ष्मणरावांचं वय किती होतं, ठाऊक आहे? चाळीस.

पुढे त्यांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही कामावर घेतलं, रखवालीवर नेमलं. ज्याला स्वतःला पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागते, त्याला दुसऱ्याची अडचण कळते.

आता सुतारदादा, एक गोष्ट मी लपवणार नाही. तुमचे लाकडी नांगर गेले, ते अशाच लोखंडी नांगरांमुळे. धंदे असे बदलतात. त्यात तुमचा दोष नाही, म्हणून त्यात लाजही नाही. पण धंदा गेला म्हणून हातातली विद्या जात नाही. सरळ कापणं, काटकोन साधणं, लाकडाची जात ओळखणं, हे शहरातही लागतं. तिथं रंधा विजेवर चालेल. तो चालवायला एखादा विशीतला पोरगा शिकवील. त्याच्याजवळ बसून शिकायची तयारी ठेवा. शिकताना वय विचारू नये.

मात्र उठलं आणि एस.टी.त बसलं, असं करू नका. आधी एकटे जा. मेहुण्याकडे महिनाभर राहा. काम बघा, मजुरी विचारा, खोलीचं भाडं विचारा. सगळं वहीत लिहा. खर्च वजा जाता घरी काय पाठवता येईल, याचा हिशेब वहिनींपुढे मांडा. दोघांना पटलं, तरच बिऱ्हाड हलवा. नाही पटलं, तर परत या. परत येणं म्हणजे हरणं नव्हे. कामाच्या कागदावर सही मागतील. आधी तो कागद पुरता वाचा. वाचता येत नव्हतं तेव्हा अंगठा दिलात. आता तुम्हाला वाचता येतं.

आणि जाताना वाकस, करवत घरी ठेवून जाऊ नका. बरोबर न्या.