गारपीट, छप्पर आणि विम्याचा दावा

चैत्र-वैशाखांतील तापलेल्या दुपारीं आभाळ एकाएकीं काळवंडतें, धुळीचा लोट उठतो आणि थेंबांच्या पाठोपाठ अंगणांत टपटप गारा पडूं लागतात. त्या वाटींत वेंचून, विरघळण्याच्या आंत तोंडांत टाकण्याचा आनंद लहानपणीं ज्यानें घेतला नाहीं असा मराठी माणूस विरळा. परंतु घर स्वतःच्या नांवावर झालें कीं त्याच गारांचा आवाज निराळा ऐकूं येतो. प्रत्येक टणत्काराबरोबर मन छपराकडे धांव घेतें. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाडा, विदर्भ व महाराष्ट्राच्या इतर भागांत जी मोठी गारपीट झाली, तिनें उभीं पिकें आणि फळबागा आडव्या केल्या. त्या हानीची चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. फुटलेल्या छपरांचें दुःख मात्र ज्याच्या त्याच्या घरांतच राहिलें. आज मी त्याच विषयावर बोलणार आहें: ज्या घराचा विमा उतरलेला आहे, त्याचें छप्पर गारांनीं फुटलें तर भरपाई कशी मागावी?

प्रथम एक घरगुती हकीकत सांगतों. माझी एक मावशी लातूरकडे राहते. घर बैठें, मंगलोरी कौलांचें. विम्याचा हप्ता दरसाल न चुकतां भरलेला. कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं तेथें पाव तास गारा पडल्या. पश्चिमेकडच्या पाख्याचीं सव्वाशेंवर कौलें फुटलीं, माजघरांत पाणी आलें. मावशी फार टापटिपीची. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें खापरांचा ढीग गाडींत भरून टाकून दिला, कौलें चाळणारा माणूस बोलावला, आणि दिवेलागणीच्या आंत छप्पर पूर्ववत् करून घेतलें. मग विमा कंपनीस कळविलें. तिसऱ्या दिवशीं पाहणीदार, ज्यास आपण सर्व्हेअर म्हणतों, तो आला. त्यानें वर पाहिलें, छप्पर धडधाकट. खालीं पाहिलें, अंगण झाडलेलें. पुरावा म्हणून मावशीपाशीं एक चिठ्ठी होती, तीवर रक्कम होती पण तारीख नव्हती. तो गृहस्थ सभ्य होता. तो म्हणाला, "बाई, मी आपल्यावर अविश्वास दाखवीत नाहीं. पण मला काय दिसलें तें लिहावयाचें असतें. काय ऐकलें तें नव्हे." शेवटीं मावशीच्या हातीं झालेल्या खर्चाचा चौथा हिस्साही आला नाहीं.

या प्रसंगीं विमा कंपनीस शिव्या देणें सोपें आहे, आणि आम्ही घरच्या मंडळींनीं त्या दिल्याही. परंतु शांतपणें विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं, दावा म्हणजे नुसती मागणी नव्हे. दावा म्हणजे साक्ष होय. गारा पडल्या एवढ्यावर पैसे मिळत नाहींत. या छपराचें, या दिवशीं, या गारांनीं इतकें नुकसान केलें, हें दाखवावें लागतें. त्या गोष्टीचे खरे साक्षीदार म्हणजे तीं फुटकीं कौलें, आणि मावशीनें आपल्या साक्षीदारांनाच गाडींत घालून वाटेला लावलें होतें!

साक्षीची तयारी गारा पडण्यापूर्वींच करावी लागते. आपलें विमापत्र कपाटांतून काढून एकवार वाचा. आपल्या देशांत १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नांवाचें, सर्व कंपन्यांस समान असें घराच्या विम्याचें विमापत्र सुरू झालें. त्यांत आग, वीज, भूकंप यांच्याबरोबर वादळ, चक्रीवादळ, पूर इत्यादि आपत्ती नांवानिशीं दिलेल्या आहेत. आपल्या विमापत्रांत 'गारपीट' हा शब्द स्वतंत्र आढळेलच असें नाहीं. म्हणून विमा घेतांनाच, वादळाबरोबर येणाऱ्या गारांचें नुकसान यांत धरलें जातें ना, हें कंपनीस लेखी विचारावें आणि उत्तर विमापत्रासच टांचून ठेवावें. पुढें कधीं दावा करण्याची वेळ आलीच, तर वारा व वादळ होतें ही खरी गोष्ट लिहिण्यास विसरूं नये. विम्याची रक्कमही पाहावी. ती जागेच्या बाजारभावावर नव्हे, तर इमारत पुन्हां बांधण्यास जो खर्च येईल त्यावर ठरवावयाची असते. जे श्रोते सदनिकेंत राहतात त्यांनीं आणखी एक चौकशी करावी. गच्चीवरील पत्र्यांची शेड बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची असते. तिचा विमा संस्थेनें उतरला आहे कीं नाहीं, हें वार्षिक सभेंत विचारण्याजोगें आहे. आणि दरसाल होळीच्या सुमारास घराच्या चारी बाजूंनीं छपराचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतो. या कामीं खर्च कांहींच नाहीं.

आतां प्रत्यक्ष गारा पडून गेल्यावरची गोष्ट. पहिला नियम असा कीं, लगेच छपरावर चढूं नये. ओलें कौल निसरडें असतें आणि तडा गेलेला सिमेंटचा पत्रा पायाखालीं दगा देतो. भरपाईच्या चार पैशांपायीं हातपाय मोडून घेऊं नयेत. खालूनच किंवा शेजारच्या गच्चीवरून छायाचित्रें घ्यावीं. अंगणांतील मोठी गार नाण्याशेजारीं ठेवून तिचेंही चित्र घ्यावें, कारण हा साक्षीदार घटकाभरांत पाणी होऊन जाणारा आहे. फुटक्या कौलांचे तुकडे एका कोपऱ्यांत रचून ठेवावे. पाहणी होऊन कंपनीची संमति मिळेपर्यंत त्यांतलें एकही खापर टाकूं नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते तुकडे आणखी फोडूं नयेत, पाणी मारून झांकून ठेवावे.

मग घरांत पाणी येऊं द्यावयाचें काय? मुळींच नाहीं. नुकसान वाढूं न देणें हें विमेदाराचें कर्तव्यच आहे. छपरावर ताडपत्री घालावी, सामान हलवावें, आणि या तात्पुरत्या कामाची तारखेसह पावती घ्यावी. तात्पुरतें आच्छादन आणि कायमची दुरुस्ती यांतला हा भेद मावशीला कोणी सांगितला नव्हता. त्याच दिवशीं कंपनीस कळवून दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. भारत गृह रक्षेंत नुकसान प्रथम लक्षांत आल्यापासून ३० दिवसांच्या आंत दाव्याचा अर्ज द्यावयाचा असतो. परंतु महिना आहे म्हणून महिनाभर थांबणें शहाणपणाचें नव्हे.

पाहणीदार येतो तो काय पाहतो, हें समजून घेण्यासारखें आहे. जीर्ण झालेल्या वस्तूची झीज विमा भरून देत नाहीं. तेव्हां त्याच्यापुढें प्रश्न एकच असतो: हें गारांचें काम कीं काळाचें? नुकत्याच फुटलेल्या कौलाची कड आंतून लालभडक व स्वच्छ असते. जुन्या भेगेंत धूळ व शेवाळ बसलेलें असतें. गारेनें लोखंडी पत्र्यास पोंचे येतात, ते गंजलेले नसतात. गंजून पडलेलें भोंक वेगळेंच दिसतें. गारा वाऱ्याबरोबर तिरप्या येतात, म्हणून बहुधा छपराचा एक पाखा अधिक फुटतो. दोन्ही पाखे सारखेच गळत असतील तर पाहणीदारास शंका येणें साहजिक आहे. छताच्या आंतल्या बाजूस पिवळट कडांचीं वर्तुळें असतील तर तीं मागच्या पावसाळ्यांचीं. अंगणांतील केळीचीं फाटलेलीं पानें, मोटारीच्या टपावरचे पोंचे, शेजाऱ्याचें फुटलेलें छप्पर, दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांतील बातमी, तलाठ्यानें केलेला पंचनामा असल्यास त्याची प्रत, हे सगळे आपल्या बाजूचे साक्षीदार. ते त्याला स्वतः दाखवावे आणि पाहणीच्या वेळीं घरांतील जाणत्या माणसानें हजर राहावें.

येथें एक मोह होतो, त्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. 'आतां दावा करतोंच आहों, तर मागील दारची जुनी गळतीही त्यांतच घालूं', असा सल्ला देणारे शेजारी पुष्कळ असतात. विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार मानला जातो. त्यांत एक लबाडी सिद्ध झाली कीं खरा दावाही हातचा जातो. जुनें तें जुनें म्हणून आपणच दाखविलें, तर नवें तें नवें म्हणून मानलें जाण्याचा संभव वाढतो.

खर्चाचा अंदाज ठोक रकमेचा देऊं नये. कौलें किती, वासे-रिपा किती, मजुरी किती, असा कलमवार द्यावा. मंगलोरी कौलावर कारखान्याचा छाप असतो, आणि एका कारखान्याचें कौल दुसऱ्याच्या खांचेंत बरोबर बसेलच असें नाहीं. तसें कौल मिळत नसल्यास तें लेखी नमूद करावें. घसाऱ्यापोटीं कंपनी कांहीं वजा करणार काय, हेंही विमापत्रांत पाहावें.

मुदतींचीही माहिती असावी. सन २०२४ मध्यें विमा नियामक प्राधिकरणानें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें दावा कळविल्यापासून २४ तासांत पाहणीदार नेमावयाचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवावयाचा, आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीनें निर्णय द्यावयाचा असतो. अहवालाची प्रत मागून घ्यावी. ती वेदवाक्य नव्हे. पाहणीदाराचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा शब्द नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं म्हटलें आहे. त्यांतील चूक कलमवार दाखवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहावें. कमी रक्कम देऊन 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' अशा पावतीवर सही मागितली गेली, तर घाबरूं नये. अशा सहीनें अधिक भरपाईसाठीं दाद मागण्याचा हक्क नाहींसा होत नाहीं, असें प्राधिकरणानें २०१५ सालीं कंपन्यांस कळविलें आहे. तथापि सही करण्यापूर्वीं रक्कम मान्य नसल्याचें पत्र पाठवून त्याची पोंच ठेवणें बरें.

एक महिन्यांत कंपनीचें उत्तर आलें नाहीं, किंवा आलेलें उत्तर पटलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. मुंबईस व पुण्यास त्यांचीं कार्यालयें आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देवविण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आंत जावें. त्याखेरीज ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. त्याची मुदत दोन वर्षांची.

मावशीनें यांपैकीं कांहींच केलें नाहीं. तिची वर्षाची मुदत आम्हांस हें सारें कळण्यापूर्वींच निघून गेली होती. ते पैसे गेले ते गेले. पण गेल्या खेपेस मी तिच्याकडे गेलों तेव्हां परसांतल्या पडवींत विमापत्राची एक प्रत पिशवींत घालून खुंटीस अडकवलेली दिसली. शेजारीं घडी घातलेली ताडपत्री, आणि खालीं एक रिकामी मोठी पाटी. मी विचारलें, "ही पाटी कशाला?" ती म्हणाली, "खापरांसाठीं. आतां अंगण झाडीन, पण पाटी उचलूं देणार नाहीं."

श्रोतेहो, पुढच्या चैत्रांत आभाळ काळवंडण्यापूर्वीं आपणही आपलें विमापत्र एकदां वाचून ठेवावें, एवढीच विनंति.