निबंधाचं पहिलं स्टेशन



पुण्याहून लोणावळा लोकल पकडली की देहूरोडनंतर बेगडेवाडी लागतं. छोटंसं स्टेशन. चारदोन माणसं उतरतात, गाडी घोरावाडीकडे निघून जाते आणि मागे डोंगराकडून येणारा वारा तेवढा ऐकू येतो. मी स्वमग्न मुलांना, म्हणजे ज्यांना ऑटिझम आहे अशा मुलांना शिकवते. बेगडेवाडीला एका मुलाच्या घरी मी काही महिने जात होते. मुलगा आठवीत, सेमी इंग्रजीला. गणितात वर्गात पुढे. पुणे ते लोणावळा सगळी स्टेशनं त्याला जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी पाठ. पण इंग्रजीच्या पेपरात दर वेळी नापास.

पहिल्याच दिवशी आईनं त्याची वही माझ्यासमोर ठेवली. निबंधाचा विषय होता 'अ रेनी डे'. त्याखाली एकच वाक्य. 'टुडे इज नॉट अ रेनी डे.' आज पावसाचा दिवस नाही. शेजारी तारीख होती, फेब्रुवारीतली. आणि त्याखाली लाल शाईचा शून्य. आई म्हणाली, "ताई, याला काही सुचतच नाही हो."

मी त्याला विचारलं, "पाऊस पडत असतो तेव्हा आपल्या स्टेशनवर काय काय होतं?" पंधरा मिनिटं तो थांबला नाही. पत्र्यातून पाणी कुठे गळतं, ओल्या रुळांवरून येणाऱ्या गाडीचा आवाज कोरड्या रुळांपेक्षा वेगळा कसा लागतो, डब्याच्या दारात उभं राहणाऱ्यांचा कुठला खांदा भिजतो, सगळं सांगितलं. आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "निबंधात हे लिहायचं असतं का? मला कुणी सांगितलं नाही."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. खरंच, त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

'पावसाळ्यातील एक दिवस' असं फळ्यावर लिहिलं की त्यात न लिहिलेल्या कितीतरी सूचना असतात. आज पाऊस नसला तरी चालेल, मागचा एखादा दिवस आठव. तोही आठवत नसेल तर मनानं रच, ते खोटं धरलं जाणार नाही. पंधरावीस वाक्यं लिही. आधी आभाळ भरून येऊ दे, मग सरी, मग गंमत, मग घर. बाकीची मुलं या सूचना हवेतून उचलतात. कुणी, केव्हा शिकवल्या, हे त्यांनाही सांगता येणार नाही. स्वमग्न मूल बरेचदा शब्द जसे आहेत तसे घेतं. 'डोळ्यांत तेल घालून अभ्यास कर' असं आजोबांनी म्हटल्यावर तेलाच्या बाटलीपासून लांब पळणारी मुलगी मी पाहिली आहे. ती खरोखर घाबरली होती, आणि घरात सगळे हसत होते. कृपा करून अशा वेळी हसू नका. त्या बोलण्याचा अर्थ काय, ते आपण कधी वापरतो, हे एका वहीत लिहून ठेवा. इंग्रजीतले असे वाक्प्रचार तर आणखी परके, कारण ते घरात कानावर पडलेलेच नसतात.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांवर एक लेख लिहिला. स्वमग्नतेची वैद्यकीय ओळख जगाला झाली ती मुख्यतः त्या लेखातून. या मुलांची विलक्षण स्मरणशक्ती त्यांनी नोंदवली होती, आणि 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदलही. मुलाला पाणी हवं असतं आणि ते म्हणतं, "तुला पाणी हवंय?", कारण आईच्या तोंडून ते वाक्य त्यानं तसंच ऐकलेलं असतं. आता हेच मूल मोठं झाल्यावर आपण त्याला म्हणतो, 'तू फाटकं पुस्तक आहेस असं समजून आत्मवृत्त लिही.' ज्या 'मी'साठी त्यानं लहानपणी एवढे कष्ट घेतले, तो 'मी' आता पुस्तकाला देऊन टाकायचा! पुस्तक बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माझं स्पष्ट मत आहे की या मुलांना निबंध शिकवायची सुरुवात आत्मवृत्तानं कधीही करू नये. 'मी पंतप्रधान झालो तर' हाही विषय नंतरचा.

आणखी एक अडचण वाचणाऱ्याची. आपण लिहितो ते कुणासाठी? ज्याला ते माहीत नाही त्याच्यासाठी. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी ती काढून पेटीत ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? स्वमग्न असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांनी पेटीकडे बोट दाखवलं, कारण गोटी खरोखर तिथेच होती. बाहुलीला ते माहीत नाही, हे त्यांनी धरलं नाही. उरलेल्या चौघांनी मात्र बरोबर सांगितलं, म्हणून सगळी स्वमग्न मुलं सारखीच असं कुणी समजू नये. पण वहीत दीड वाक्य लिहून मूल थांबतं, तेव्हा बरेचदा त्याच्या मनात हेच असतं: बाईंनी पाऊस पाहिलाय, मग पुन्हा कशाला सांगायचा? आणि हेही खरं, की मुलाला बाईंचं मन कळत नाही तसं बाईंनाही मुलाचं कळत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक २०१२ पासून हेच मांडत आहेत, की ही दरी दोन्ही बाजूंनी असते.

हाताचंही सांगायला हवं. बेगडेवाडीचा मुलगा पेन इतकं दाबून धरायचा की मागच्या तीन पानांवर ठसा उठायचा. पाच ओळींत त्याची बोटं पांढरी पडायची. असं मूल निबंध लहान लिहितं, ते हात दुखतो म्हणून! तेव्हा विचार करण्याचं काम आणि लिहिण्याचं काम वेगळं काढा. आधी त्यानं बोलावं आणि तुम्ही मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करावं, मग ऐकत ऐकत त्यानं लिहावं. टाइप करणं सोपं जात असेल तर टाइप करू द्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्लाही घ्या.

काही घरांत वेगळंच कोडं असतं. आईबाबा मराठी बोलतात आणि मूल यूट्यूबवरचं इंग्रजी बोलतं, उच्चारांसकट. स्पेलिंग घडाघडा सांगतं, परिच्छेद न अडखळता वाचतं, पण 'यात काय झालं?' विचारलं तर गप्प. घरच्यांना वाटतं इंग्रजी उत्तम आहे, शाळेला वाटतं मूल आळशी आहे. वाचता येणं आणि वाचलेलं कळणं या गोष्टी या मुलांमध्ये खूप वेगळ्या असू शकतात. म्हणून दर तीन-चार ओळींनंतर थांबा, काय झालं त्याचं चित्र काढायला सांगा, आणि ही चर्चा मराठीत करा. 'घरात फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्न मुलांच्या भाषेचं नुकसान होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीच्या मराठीतून मूल तोडलं तर ते आजीपासूनही तुटतं. तसं करू नका.

आता बेगडेवाडीच्या मुलासोबत आम्ही काय केलं ते सांगते. मी त्याला म्हटलं, "निबंध म्हणजे लोकल." एका लांब कागदावर रेघ ओढली आणि तिच्यावर सहा स्टेशनं घेतली. प्रत्येक स्टेशनाखाली एक प्रश्न. कधी? कुठे? तिथे कोण होतं? आधी काय झालं? मग काय झालं? शेवटी काय झालं? प्रत्येक स्टेशनवर दोन वाक्यं उतरवायची. बेगडेवाडीहून घोरावाडी न लागता तळेगाव येत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. स्टेशनं संपली की निबंध संपला, हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, कारण 'अजून किती लिहू?' हीच त्याची मोठी भीती होती. तुमच्या मुलाला लोकल आवडत नसेल तर क्रिकेटची षटकं घ्या, आमटीची कृती घ्या. त्याच्या डोक्यात आधीच पक्का असलेला एखादा क्रम घ्या, म्हणजे झालं.

प्रश्नपत्रिकेतही सोपी वाट असते. तक्ता पाहून उतारा लिहिणं किंवा उतारा वाचून तक्ता भरणं या मुलांना बरेचदा चांगलं जमतं. पेपर तिथून सोडवायला सुरुवात करू द्या. पत्रलेखनात 'मित्राला पत्र लिहा' असतं, तेव्हा मित्र कोण, हे आधीच ठरवून द्या. नाहीतर मूल त्याच शब्दावर अडकून बसतं.

सवलतींबद्दल पालक फार उशिरा विचारतात. दिव्यांग व्यक्तींचा हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नता येते. या कायद्याच्या १७व्या कलमात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. या सवलतींसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करता येतो. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका, आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. लेखनिक घेणार असाल तर त्याच्यासोबत निदान पाचसहा सराव पेपर करून घ्या, कारण अनोळखी माणसाला मजकूर सांगणं हे या मुलांसाठी स्वतंत्र कौशल्य आहे. इंग्रजीतून सूट घ्यावी का? मी लगेच 'हो' म्हणत नाही. पुढच्या शिक्षणात इंग्रजी लागतं. पण त्या एका विषयापायी मूल रात्री झोपत नसेल, शाळेचं नाव काढलं की उलटी होत असेल, तर सूट घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

बेगडेवाडीच्या मुलानं त्या जुलैत 'अ रेनी डे' पुन्हा लिहिला. सहा स्टेशनं, बारा वाक्यं, दोन स्पेलिंग चुकलेली. त्याच्या वहीत तोवर माणसं कधी आली नव्हती, फक्त गाड्या असायच्या. या वेळी 'तिथे कोण होतं?' या स्टेशनाखाली त्याची आई छत्री घेऊन फलाटावर उभी होती. पुढची दोन वाक्यं अशी होती: 'मदर डिड नॉट नो द लोकल वॉज लेट. आय टोल्ड हर.' लोकलला उशीर झालाय, हे आईला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं.