दारापाशी बसलेल्या अक्का

पोटात दुखलं की आपण मराठी माणसं सरसकट म्हणतो, ‘पित्त झालंय.’ आंबट ढेकर आली तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. श्रोतेहो, या एका शब्दापायी मी जवळजवळ वर्षभर दुखणं अंगावर काढलं.

२०१८ सालचा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. एका संध्याकाळी रोजा सोडला, भजी-समोसे पोटभर खाल्ले आणि मध्यरात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत गेली. पहाटे थांबली. सगळे म्हणाले, ‘दिवसभर उपाशी आणि वर तळकट. पित्त होणारच.’ पुढं अशा रात्री वारंवार आल्या. कुणी थंड दूध दिलं. शेजारच्या काकांनी पानफुटीचा पाला आणून दिला. लोक तो मुतखड्यावर देतात, आणि माझा खडा मुतखडा नव्हताच. अखेर सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. तपासणारे गृहस्थ हसून म्हणाले, ‘पुरुष, आणि तोही असा काटकुळा? हा तर बायकांचा आजार!’

यकृत पित्तरस तयार करतं आणि तो पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतो. जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची ही पिशवी. तेलातुपाचं जेवण पोटात गेलं की ती आकसते आणि रस आतड्यात सोडते. रसातलं कोलेस्टेरॉल वाढलं किंवा रस साचून राहिला की खडे धरतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना यासाठी एक जुनं इंग्रजी सूत्र शिकवतात, एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या चार शब्दांचं: बाई, जाड, चाळिशीची, लेकुरवाळी. बायकांत हे खडे जास्त आढळतात, हे खरंच. पण पुरुषांना होतात, सडपातळ माणसांना होतात, रक्ताचे काही आजार असलेल्या लहान मुलांनाही होतात. सूत्रात न बसणाऱ्याचं दुखणं मग कुणाच्या ध्यानात येत नाही. मी तसाच एक बाहेरचा होतो.

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटाला चार छोटी छिद्रं, आणि दुसऱ्या दिवशी घरी. १९९० साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या पद्धतीनं भारतातली पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. त्याआधी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे आणि माणूस कित्येक दिवस अंथरुणाला खिळे. रोजावर काम करणाऱ्याला या फरकाचं मोल विचारा.

बरा झाल्यावर मला आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी बोलावलं. त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. महिन्यातून एकदा सकाळी वाचनालयाच्या खोलीत त्या असे रुग्ण जमवत. खायचं काय, भ्यायचं कशाला, डॉक्टरांना विचारायचं काय, असं बोलणं चाले. फार चांगलं काम. भिंतीवर पथ्याचा कागद होता. त्यावर ओट्स, सॅलड, ऑलिव्ह तेल. कडक भाकरी नव्हती, शेंगाचटणी नव्हती. एकदा एका रिक्षावाल्या तरुणानं विचारलं, ‘मटण किती दिवसांनी खायचं?’ खोली गप्प झाली. कुणीतरी म्हणालं, ‘तो विषय इथं नको.’ त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. तरी मीही गप्प बसलो. तो तरुण पुन्हा आला नाही.

आणि दारापाशी, चपलांच्या शेजारी, एक अक्का बसत. पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांचे खडे अजून पोटातच होते. बाजारापुरती मराठी त्यांना येई. त्या दिवशी बाईंनी धोक्याच्या खुणा समजावून सांगितल्या. कळ काही तास थांबलीच नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर घरी थांबायचं नाही. खडा पित्तनलिकेत अडकल्याची ती लक्षणं असू शकतात. त्यानंतर मला बोलायला सांगितलं. मी कवी माणूस. दहा मिनिटं माझ्या वेदनेवर बोललो. उपमा आल्या, टाळ्या पडल्या.

पुढच्या महिन्यात अक्का आल्या नाहीत. कळलं की त्या रुग्णालयात आहेत. ताप उन्हाचा समजून तीन दिवस घरीच काढले, डोळे हळदीसारखे झाले तेव्हा सुनेनं नेलं. खडा नलिकेत अडकला होता. तो दुर्बिणीनं काढला, मग पित्ताशयही काढलं. थोडक्यात वाचल्या. मी भेटायला गेलो. म्हटलं, ‘अक्का, बाईंनी सगळं सांगितलं होतं की हो आपल्याला.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अण्णा, तुम्ही लई छान बोलला. मला काय कळलं नाही.’

आजवर माझ्या कवितेवर इतकी नेमकी टीका कुणी केलेली नाही.

घरी येताना मी हिशेब करत होतो. आम्ही अक्कांना कधी ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं. दार उघडंच होतं. पण खोलीतली भाषा आमची, पथ्य आमच्या स्वयंपाकघराचं आणि वेळही आमच्या सोयीची. सकाळी अक्कांना वळलेल्या विड्या जमा करायला जावं लागे. त्या दिवशीची मजुरी बुडवून त्या आमच्यात येत होत्या आणि न कळलेलं ऐकून परत जात होत्या.

मी बाईंना हे सांगितलं. बाई मोठ्या मनाच्या, लगेच कामाला लागल्या. बैठक संध्याकाळी ठेवली. फळ्यावर एकाच आजाराची चार नावं आली: कावीळ, पच्चकामेर्लु, कामाले, पीलिया. पथ्याचा कागद बदलला. शेंगाचटणी कमी, भाकरी चालेल, मटण खाणाऱ्यानं ते कमी तेलात, थोडं आणि डॉक्टरांना विचारून. उपासाचाही विषय निघाला. दिवसभर पोट रिकामं आणि मग एकदम तूप-शेंगदाण्याची साबुदाणा खिचडी, किंवा रोजा सोडताना भज्यांची परात. खडे असलेल्या माणसाला दोन्ही सारखीच महागात पडू शकतात. मी रोजा ‘सोडतो’, बाई एकादशी ‘सोडतात’. क्रियापद एकच आहे, हे आम्हा दोघांना तोवर सुचलं नव्हतं. आजाऱ्याला रोजातून सूट आहे, हे मी तिथं मोकळेपणानं सांगू शकलो. त्या रिक्षावाल्या तरुणाला मी स्वतः जाऊन घेऊन आलो. आधी त्याची माफी मागितली.

सगळं जमलंय असं नाही. कन्नड बोलणाऱ्या दोघी अजून कोपऱ्यातच बसतात. पण अक्का आता दारापाशी नसतात. नवीन बाई आली की तिला जवळ बसवून त्या आधी डोळे दाखवायला लावतात आणि मग तेलुगूत धोक्याच्या खुणा बोटांवर मोजून घेतात. एकही चुकली तर पुन्हा म्हणायला लावतात.

श्रोतेहो, प्रत्येक खड्याचं ऑपरेशन लागतंच असं नाही. काही खडे जन्मभर त्रास देत नाहीत. ते डॉक्टरांना ठरवू द्या. मात्र तुमच्या घरी, शेजारी, कामावर कुणी महिनोन्‌महिने ‘पित्त, पित्त’ म्हणत असेल, तर त्याला विचारा, दुखतं कुठं, कधी, किती वेळ. तो ज्या बोलीत उत्तर देईल, त्याच बोलीत विचारा. येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या.