रक्तदाब आणि आपले घर

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात, अकलूज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणाच्या मेळाव्यात रक्तदाबाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. माझ्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो, म्हणजे त्याचे उत्तर मिळेल. शिवणकाम करून संसार चालवणारे एक गृहस्थ होते. वय पंचेचाळीस. रक्तदाब वाढल्याचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत दाब ताब्यात आला. "आता बरे वाटते, मग गोळी कशाला?" म्हणून त्यांनी त्या आपणहून बंद केल्या. वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. शिलाई मशीन विकावे लागले. थोरली मुलगी त्या वेळी नववीत होती. आईला मजुरीस जावे लागले, वडिलांपाशी कोणीतरी हवे होते, म्हणून मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. ज्या गोळ्यांसाठी दिवसाला थोडे पैसे लागले असते, त्या न घेतल्याची किंमत त्या मुलीने दिली. म्हणूनच मी म्हणतो, हा विषय शाळेचाही आहे.

रक्तदाब म्हणजे काय? आपण उसाच्या मुलखातील माणसे आहोत. विहिरीवरची मोटार, तिचा पाइप आणि पाण्याचा जोर आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. हृदय ही मोटार, धमन्या हे पाइप आणि रक्ताचा त्यांच्या भिंतींवर पडणारा जोर म्हणजे रक्तदाब. हा जोर हवाच, नाही तर मेंदूपर्यंत रक्त चढणार कसे? पण तो वर्षानुवर्षे प्रमाणाबाहेर राहिला तर पाइप कडक होतात आणि कुठेतरी तुंबतात किंवा फुटतात. मेंदूत असे घडले की अर्धांगवायू, हृदयात घडले की हृदयविकाराचा झटका. मूत्रपिंडाची बारीक चाळणी हळूहळू निकामी होते आणि डोळ्यांच्या पडद्यालाही इजा पोहोचते.

हा जोर प्रथम मोजला गेला तो घोडीचा, हे अकलूजकरांना ऐकून गंमत वाटेल, कारण आपल्या गावी घोड्यांचा बाजार भरतो. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी घालून पाहिली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रीवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचे यंत्र काढले आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी नळी कानाला लावून दाब ऐकण्याची रीत दिली. म्हणजे आज दोन मिनिटांत, सुईसुद्धा न टोचता, आपल्याला आपला दाब कळतो.

यंत्र दोन आकडे दाखवते. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. १२०/८० च्या आत असला तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि बोलू नये. धावतपळत येऊन मोजलेल्या एका आकड्याने घाबरूनही जाऊ नये आणि निर्धास्तही होऊ नये.

या विकाराची खरी अडचण अशी की तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. "मला काही होत नाही" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांतील कित्येकांचा दाब १७० च्या वर होता. तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि आपल्या अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याची सोय आहे. गर्भवती भगिनींनी तर प्रत्येक तपासणीच्या वेळी तो मोजलाच पाहिजे, कारण त्या काळात वाढलेला दाब आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो.

आता औषधांविषयी. या बाबतीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांनी युनानी औषधांच्या शास्त्रीय संशोधनाचा पाया घातला. तेथे सलीमुज्जमा सिद्दीकी यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर सर्पगंधेचा अभ्यास केला. त्यांचा १९४९ सालचा इंग्रजी निबंध जगभर वाचला गेला आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. मात्र म्हणून कोणी मुळी आणून उगाळून घेऊ नये. तिच्यामुळे मन खचण्याचे दुष्परिणाम आढळले आणि आज त्याहून सुरक्षित गोळ्या मिळतात.

महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत २०१७ नंतर सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचे सूत्र साधे होते : ठरलेली मोजकी औषधे, महिन्याच्या गोळ्या एकदम हाती आणि न येणाऱ्या रुग्णाचा पाठपुरावा. हा पाठपुरावा घरीही करता येतो. दाब ताब्यात आला तो गोळीमुळे आला. ती बंद केली की तो पुन्हा चढतो. कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. आणखी एक सूचना : गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवू शकतात.

औषधाइतकेच महत्त्व जेवणाला आहे. दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा, तोही पुरता नाही. लोणचे, पापड, खारवलेले मासे, फरसाण, बेकरीची खारी यांत दडलेले मीठही यातच मोजायचे. ताटात वरून मीठ घेण्याची सवय तर आजच सोडावी. मिश्री, मावा, विडी यांना घरातून रजा द्यावी. फजरच्या नमाजनंतर परत झोपण्याऐवजी अर्धा तास भरभर चालावे. आपल्या भगिनींना चालायला वेळ आणि मोकळीक मिळत नाही. ती मिळवून देणे हे घरातील पुरुषांचे काम आहे.

रमजानविषयी मला दरवर्षी विचारले जाते. दाब ताब्यात असलेल्या बहुतेकांना रोजे ठेवता येतात, परंतु महिना सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीला बांधून घ्याव्यात. गोळी मनाने वगळू नये. इफ्तारला रोज भजी-समोसे नकोत. खजूर, फळे आणि पाणी यांनी सुरुवात करावी. ज्याला डॉक्टर मनाई करतील त्याने संकोच धरू नये. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिली आहे आणि शरीर ही अल्लाहची अमानत आहे. नंतरच्या कजा-फिदियाचे आलिमांना विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे काम तुमच्यासाठी. एक जुनी वही घ्या. अब्बा, अम्मी, दादा, दादी यांची नावे लिहा. पुढे तारीख, दोन आकडे आणि गोळी घेतली की नाही, एवढेच नोंदवा. तुम्ही विचारलेत तर ते टाळणार नाहीत, कारण मुलांच्या शब्दाला घरात जे वजन असते ते डॉक्टरांच्या शब्दाला नसते. त्या शिंप्याच्या घरी अशी वही असती, तर ती मुलगी कदाचित आज आपल्यातच बसली असती.

अल्लाहतआला आपणा सर्वांना आरोग्य आणि ते सांभाळण्याची बुद्धी देवो.